शंभर अंशांच्या अलीकडे

पकड झाली होती. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा उत्कर्षाच्या दोन्ही पंजांत घट्ट बसला होता, पंचांची शिट्टी वाजायचीच बाकी होती, आणि तेवढ्यात तिच्या स्वतःच्या डाव्या गुडघ्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. गॅलरीत तो कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिला तो कानांतून नव्हे, हाडांतून ऐकू आला. तिने घोटा सोडला नाही. गुण मिळाला. मग ती उठायला गेली, तर पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बाजूला निघून गेला.

उत्कर्षा थोरवत ही देशातली सर्वांत भरवशाची डावी कोपरारक्षक होती. वाळवा तालुक्यातल्या तिच्या गावात मुली आधी कबड्डी शिकतात आणि मग चालायला लागतात, असं आजूबाजूची गावं चेष्टेने म्हणायची. ती चेष्टा तिच्या बाबतीत जवळजवळ खरी होती. आता पुण्याच्या इस्पितळात डॉक्टर पाटसकर तिला पडद्यावर तिचाच गुडघा दाखवत होते. मांडीचं हाड नडगीशी तिरपं बांधून ठेवणारा करंगळीएवढा अस्थिबंध मधोमध तुटला होता. वाईट म्हणजे तो मूळचा नव्हताच. काही वर्षांपूर्वी पहिला तुटला तेव्हा तिच्याच मांडीतल्या स्नायूची कंडरा काढून तिथे बसवली होती. आता तीही गेली.

"पुन्हा तसंच करता येईल ना?" तिने विचारलं.

"चालता येईल इतपत करता येईल," डॉक्टर म्हणाले. "जिना चढाल, गाडी चालवाल. कोपऱ्यात बसून घोटा धरायचा म्हणाल तर... पाहू."

'पाहू'चा अर्थ खेळाडूला समजावून सांगावा लागत नाही. उत्कर्षाने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी रुबीना मुजावर आली. शाळेपासून विद्यापीठापर्यंत रुबीना उत्कर्षाच्या शेजारी खेळली होती. उत्कर्षा कोपऱ्यात, रुबीना तिच्या लगतची मध्यरक्षक, हातात हात घालून. मग रुबीनाचा गुडघा गेला. तिच्या वेळी 'पाहू' म्हणणारंसुद्धा कुणी नव्हतं. ती रसायनशास्त्राकडे वळली, डॉक्टरेट झाली, आणि आता पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत बहुवारिकांवर काम करत होती. बहुवारिक म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू असलेले पदार्थ. दोऱ्या, पिशव्या, बरण्यांची झाकणं, सगळी त्याच कुळातली.

"रडून झालं का?" खुर्ची ओढत रुबीना म्हणाली.

"तुझं काय जातंय?"

"माझं जात नाही, माझ्याकडे उपाय आहे. ऐक आता."

उत्कर्षाची आई खाटेपाशी डबा उघडत होती. भाकरीबरोबर तिने गावाकडून तुपाची बरणी आणली होती. रुबीनाने ती उचलून उजेडात धरली.

"काकू, हे तूप एवढं रवाळ कसं झालं?"

"कढवलं आन चुलीशेजारीच ठेवलं झाकून," आई म्हणाली. "सावकाश निवलं की रवा धरतंय. फ्रिजात घातलंस तर मेणावाणी हुतंय."

"बघ," रुबीना उत्कर्षाकडे वळली. "तूप तेच. फक्त कुठल्या तापमानाला गोठलं, त्यावर त्याचा पोत ठरला. माझ्या धाग्याचंही तसंच आहे, फक्त आणखी मजेशीर."

तिचा धागा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा होता. मक्याच्या नाहीतर उसाच्या साखरेपासून बनणारा पदार्थ. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके असतात ना, त्यांच्याच घराण्यातला. शरीरातलं पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतं आणि शेवटी उरतं ते लॅक्टिक आम्ल, जे पळून दमलेल्या माणसाच्या स्नायूंत एरवीही तयार होतंच. हा पदार्थ वितळवून निववला की त्याच्या साखळ्या नागमोडी घड्या घालत एकमेकींना चिकटून बसतात आणि बारीक स्फटिक होतात. सगळ्याच साखळ्यांना ते जमत नाही, काही गुंत्यातच राहतात. म्हणून तो अर्धा स्फटिक, अर्धा गुंता.

"आता गंमत अशी," रुबीना खुर्चीच्या कडेवर आली होती, "एकशे वीस अंशांच्या वर ठेवून गोठवलं तर साखळ्यांना हलायला उसंत मिळते. इस्त्रीच्या साडीसारख्या चापून बसतात. आत पाणी शिरायला फट नाही. असा धागा वर्षानुवर्षं टिकतो. शंभराच्या खाली गोठवलं तर त्यांना हलताच येत नाही, जिथे जशी घडी पडेल तशी पडते. स्फटिक होतोच, पण सैल. साखळ्यांमधलं अंतर किंचित जास्त. तिथे पाणी शिरतं, धागा लवकर विरतो. पदार्थ तोच, वजन तेच, साखळीत एक कडी इकडची तिकडे नाही. फक्त तापमान वेगळं!"

"मग?"

"मग मी एका पट्टीत शेकडो धागे विणते आणि प्रत्येक धाग्याला वेगळ्या तापमानाला गोठवते. काही लवकर जाणारे, काही उशिरा. तुझ्या गुडघ्यात ती पट्टी बसवायची. तिच्या आधाराने तुझ्या पेशी स्वतःचा अस्थिबंध विणतील. एकेक धागा विरेल तसं त्याच्या वाटचं ओझं तुझ्या अस्थिबंधावर येईल. पूर्वी लोकांनी पक्के, न विरणारे दोर बसवले होते. सगळा भार दोरानेच उचलला आणि आतलं नवं पेशीजाल आळशीच राहिलं. एक दिवस दोर झिजून तुटला, आणि मागे काहीच नव्हतं."

आई इतका वेळ गप्प ऐकत होती. "म्हंजी पांगुळगाडा," ती म्हणाली. "लेकरू चालाय लागलं की काढून घ्यायचा."

"काकू, तुम्ही माझ्या प्रबंधाला का नव्हता!" रुबीना ओरडली, आणि उत्कर्षा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

*

पट्टी बसली. पहिले काही महिने उत्कर्षा लहान मुलासारखी चालायला शिकली. इस्पितळाच्या व्यायामकक्षात तशीच पट्टी बसवलेली आणखी माणसं यायची. त्यांच्यात एसटीत वाहक असलेल्या साताऱ्याच्या कमल गुरव होत्या. धावत्या गाडीत तोल जाऊन त्यांचा गुडघा मोडला होता. "तुमच्यासारखं माझं काय नाव नाही," त्या म्हणायच्या, "पण मी पण दिवसभर कबड्डीच खेळते हो. सुट्टे पैसे आणि खच्चून भरलेली गाडी." ड्युटी सुरू झाल्यावर कमलताईंचं व्यायामाला येणं कमी होत गेलं. उत्कर्षाचं मात्र वाढत गेलं. ती बसली, उठली, धावली, उड्या मारत राहिली, पुन्हा बसली. प्रशिक्षक खोत मॅडम लांबून पाहायच्या आणि मान हलवायच्या. एके दिवशी त्यांनी मान हलवली नाही. त्यांनी तिच्याकडे जर्सी फेकली.

दीड वर्षाने उत्कर्षा भारतीय संघात परतली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा बालेवाडीत होती. साखळी सामन्यांत तिने अशा पकडी केल्या की लोक गॅलरीत उभे राहून शिट्ट्या मारायला लागले. वर्तमानपत्रांनी 'साखरेच्या गुडघ्याची मुलगी' म्हणून फोटो छापले. रुबीनाच्या प्रयोगशाळेत फोनवर फोन येत होते, हा गुडघा आम्हाला कधी मिळेल म्हणून.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी उत्कर्षा हॉटेलात नाश्ता करत होती. समोर रुबीना येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, ओढणी एका खांद्यावर.

"बाहेर ये."

"अंडं खाऊ दे की."

"उत्के, बाहेर ये."

हॉटेलमागच्या हिरवळीवर रुबीनाने सांगितलं ते असं. प्रत्येक घाण्यातला, म्हणजे एका वेळी भट्टीतून निघालेल्या पट्ट्यांतला, एक तुकडा प्रयोगशाळा बाजूला ठेवत असे. एवढी मागणी आली म्हणून तिने जुने तुकडे पुन्हा तपासायला घेतले होते. स्फटिकांवर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक कोनांत परततात आणि आलेखावर टेकड्या उमटतात. टेकडी कुठे आहे यावरून साखळ्या एकमेकींपासून किती अंतरावर बसल्यात ते कळतं. उत्कर्षाच्या घाण्यातली टेकडी केसभर डावीकडे होती.

"केसभर!" उत्कर्षा म्हणाली.

"केसभर म्हणजे सैल स्फटिक. उशिरा विरायचे धागेसुद्धा सैल. मी भट्टी उघडून पाहिली. आतला तापमापक जागचा सरकून तापल्या भिंतीला टेकला होता. तो भिंतीचं तापमान सांगत होता, धाग्यांचं नाही. पडद्यावर एकशे पंचवीस दिसत होते, धाग्यांपाशी शंभरसुद्धा नव्हते."

"मग?"

"मग तुझी पट्टी आम्ही मानत होतो त्याच्या कितीतरी आधी विरतेय. किती उरलीय, आणि तुझ्या अस्थिबंधाने किती भार घेतलाय, मला माहीत नाही. तू आज खेळू नकोस. तपासल्याशिवाय खेळू नकोस."

हिरवळीवर कुणीतरी पाइपाने पाणी घालत होतं.

"आज उपांत्य, उद्या अंतिम," उत्कर्षा म्हणाली. "परवा सकाळी मी स्वतः तुझ्या यंत्राखाली येऊन झोपते. दोन दिवस थांब. गुडघा बराय माझा, मला कळतं."

"मलाही कळत होतं. तुटेपर्यंत."

"तेच दुखणं आहे तुझं!" शब्द उत्कर्षाच्या तोंडून निघून गेले. "तुझं सुटलं, आता माझंही सुटायला पाहिजे."

रुबीनाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पण ती तिथून हलली नाही.

"शिव्या नंतर दे. तू एकटी नाहीस, त्या घाण्यातली आणखी माणसं आहेत. काल दुपारपासून इस्पितळ सगळ्यांना फोन करतंय. तुझा तर बंदच होता. निम्मे अनोळखी नंबर उचलतच नाहीत. उचलतात ते म्हणतात, गुडघा झकास आहे, सणाला पुण्याला आलो की दाखवू. कमल गुरव आजही ड्युटीवर आहेत."

उत्कर्षा खोलीत गेली. तिने जर्सी घातली. डाव्या पायावर उभं राहून खाली बसली, उठली. काही दुखलं नाही. मग तिने बंद ठेवलेला फोन सुरू केला आणि कमलताईंना लावला. का, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित कुणीतरी 'काही होत नाही हो' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

मागे गाडीचं इंजिन, घंटी, कुणाचं तरी रडतं मूल. "कोण? थोरवतताई? अहो, लोक डोक्यावर घेतील मला, तुमचा फोन आला म्हणून सांगितलं तर!"

"ताई, इस्पितळातून फोन आला होता ना तुम्हाला?"

"आला होता बाई. यंत्र बिघडलं होतं म्हणे. मी म्हटलं, ती थोरवत आज उपांत्य सामना खेळते. तोच धागा तिच्या गुडघ्यात. तिला चालतंय तर मला गाडीच्या तीन पायऱ्या चढायला काय धाड भरलीय? तुम्ही खेळा बिनधास्त! आम्ही डेपोत बघणार आहोत."

फोन ठेवल्यावर उत्कर्षा खाटेवर बसली. तिच्या एका 'काही होत नाही'ची केवढी मोठी सावली पडली होती, हे तिला आत्ता दिसत होतं. ती मैदानात उतरली की त्या घाण्यातला प्रत्येक माणूस निर्धास्त होणार होता. एकटीचाच गुडघा असता तर तिने तो आनंदाने डावावर लावला असता. तिचा स्वभावच तसा होता, आणि तो काही बदलला नव्हता. पण दुसऱ्याचा गुडघा डावावर लावायचा तिला कुणी हक्क दिला नव्हता.

ती खोत मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "माझा डावा कोपरा गेला." मग डोळे उघडून म्हणाल्या, "जा. नीट सांग लोकांना. तू पत्रकारांसमोर गडबडतेस."

ती गडबडलीच. स्टेडियमच्या दारात कॅमेऱ्यांसमोर उभी राहिली तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरली. मग तिने सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"मी आज खेळत नाही. माझ्या गुडघ्यातल्या पट्टीत दोष असू शकतो. ज्यांच्या पट्ट्या माझ्याच वेळच्या आहेत त्यांना इस्पितळाने फोन केलेत. तुम्ही म्हणाल, काही दुखत नाही. मलाही नाही दुखत. तरी मी आत्ता तपासायला निघालेय. तुम्हीपण या. जिना चढू नका, ओझं उचलू नका, गाडी करून या." आणि मग, थांबून, "कमलताई, डेपोतून उठा आता."

*

दुपारी इस्पितळाची ओसरी माणसांनी भरली होती. कुणी नातवाला धरून आलं होतं, कुणी शेतातून तसंच उठून. भिंतीवरच्या टीव्हीवर भारत आणि थायलंडचा सामना चालू होता. गुण एकाने इकडे, एकाने तिकडे हलत होते. आत डॉक्टर पाटसकर उत्कर्षाच्या गुडघ्यावर सोनोग्राफीचा दांडा फिरवत होते.

स्फटिक धाग्यांवर ध्वनिलहरी आपटल्या की लख्ख परततात. पडद्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. शस्त्रक्रियेनंतर उत्कर्षाच्या गुडघ्यात तशा रेघांची दाट जुडी होती.

आता पडदा काळसर होता.

डॉक्टरांनी दांडा वर नेला, खाली आणला, तिरका केला. एकही रेघ नाही.

"काहीच नाही?" रुबीनाचा आवाज चिरका झाला. "एकसुद्धा धागा नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळे विरलेत. आजकालचे नव्हेत, कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेले असणार."

उत्कर्षाच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. साखळी सामने, त्या उड्या, त्या पकडी. ती कशाच्या भरवशावर खेळत होती? बाहेर ओसरीवर लोक ओरडले, थायलंडने भारताच्या सगळ्या जणींना बाद करून लोण चढवला होता.

"थांबा," रुबीना एकदम म्हणाली. "थांबा, थांबा. ओढून बघा. यंत्रावर ओढून बघा!"

शेजारच्या यंत्रात पाय अडकवला. ते यंत्र नडगीला पुढे ओढून गुडघा किती सैल आहे ते मोजायचं. आधी उजवा, कधीही न दुखावलेला. मग डावा. पट्टा आवळला. यंत्र गुरगुरलं. उत्कर्षाने खाटेची कड धरली. ओढ वाढली, आणखी वाढली, आणि मग आत काहीतरी ताठ उभं राहिलं, हलेना. यंत्राच्या पडद्यावर डाव्या गुडघ्याची रेघ उजव्याच्या रेघेवर जाऊन बसली, एकीवर एक, जणू एकच.

डॉक्टर पाटसकरांनी चष्मा काढला. "पुन्हा करू," म्हणाले. पुन्हा तेच आलं.

"रुबी, काय ते बोल की गं!"

"तुझाय," रुबीना म्हणाली. मग मोठ्याने, "तुझा आहे गं सगळा! माझा त्यात धागासुद्धा नाही! मी आज सकाळी तुला ज्याची भीती घालत होते ते कधीच होऊन गेलंय! तू इतके महिने स्वतःच्या अस्थिबंधावर खेळतेयस!" ती त्या छोट्या खोलीत गरागरा फिरायला लागली. "धागे लवकर सैलावले, तशी तू जोर लावत होतीस. तुझ्या पेशींना ओझं लवकर मिळालं आणि त्यांनी ते उचललं! आम्ही घाबरून तापमान चढं ठेवत होतो. वाटायचं, शरीराला एवढ्यात जमणार नाही. अरे, त्याला जमतं! डॉक्टर, त्याला जमतं!"

"सगळ्यांना जमेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले आणि दाराकडे बघितलं.

दारात खाकी गणवेशातल्या कमल गुरव होत्या. त्या थेट डेपोतून आल्या होत्या. त्यांचाही पडदा काळा निघाला. त्यांना यंत्रात घेतलं तेव्हा उत्कर्षा शेजारीच उभी होती, आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलं. नडगी पुढे आली आणि येतच राहिली. व्यायाम सुटला होता, गुडघा जपून जपून वापरला होता. धागे गेले होते आणि त्यांची जागा नीट कुणी घेतलीच नव्हती.

"एखादी पायरी चुकली असती, तर हाडांमधल्या कूर्चेच्या गादीसकट गेला असता," डॉक्टर म्हणाले. "आज आधार-पट्टा घालून इथेच राहायचं. नवी पट्टी बसवू, या खेपेला तुमच्यासाठी उशिरा विरणारी. आणि व्यायाम चुकवायचा नाही."

कमलताईंनी उत्कर्षाचा हात धरला. "तुम्ही टीव्हीवर माझं नाव घेतलं हो," त्या म्हणाल्या. "सगळा डेपो माझ्याकडे बघायला लागला. मग काय करणार, उठले." त्या हसत होत्या, पण हाताची पकड सुटत नव्हती.

ओसरीवर एकदम गलका झाला. उत्कर्षा आणि रुबीना धावतच बाहेर गेल्या. शेवटच्या चढाईत भारताने दोन गुण आणले होते. एका गुणाने जिंकलो. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एक आजोबा काठी उंचावून नाचायला निघाले, तेव्हा तीन परिचारिकांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं.

त्या गर्दीत उत्कर्षाने रुबीनाला बाजूला ओढलं.

"सकाळी मी जे बोलले—"

"बोललीस खरं," रुबीना म्हणाली. "लागलं मला."

"माहितेय."

"उद्या खेळशील ना?"

"डॉक्टर?"

डॉक्टर मागेच उभे होते. "यंत्राने सांगितलं तेवढंच मी सांगू शकतो," ते म्हणाले. "डावा गुडघा उजव्याइतका पक्का आहे. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

तिने खोत मॅडमना फोन लावला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बोल लवकर. उद्याचा संघ लिहायला बसलेय."

*

अंतिम सामना इराणशी होता. इराणची प्रमुख चढाईपटू उंच, चिवट, आणि डाव्या कोपऱ्याला हूल देण्यात तरबेज होती. पहिल्या डावात तिने उत्कर्षाला दोनदा बाद केलं. गॅलरीत कुजबुज सुरू झाली. रुबीना तिसऱ्या रांगेत उत्कर्षाच्या आईजवळ बसली होती आणि प्रत्येक पकडीला डोळे झाकत होती.

"अगं बघ की," आई म्हणायची. "तू बनवलास ना तो गुडगा?"

"मी नाही हो काकू! तिनेच बनवलाय!"

"मंग कशाला भितीस?"

सामना संपत आला तेव्हा बरोबरी होती आणि मैदानावर भारताच्या तिघीच उरल्या होत्या. तिघीच असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. इराणची ती उंच मुलगी चढाईला आली. तिने उजवीकडे झेप दाखवली, वळली, डाव्या कोपऱ्यात पाय टाकला आणि उत्कर्षाच्या खांद्याकडे हात नेला. उत्कर्षा हूल खाल्ल्यासारखी अर्धी मागे गेली होती. खरं तर ती दबा धरून बसली होती.

सगळा भार डाव्या पायावर घेऊन ती सुटली.

दोन्ही पंजे घोट्यावर पडले. ती मुलगी ताकदीची होती. तिने उत्कर्षाला ओढत मध्यरेषेकडे नेलं, हातभर, दोन हात. उत्कर्षाचा डावा गुडघा वाकला, पिळला गेला, चटईवर घासत गेला. तिच्या मनात त्या क्षणी गुडघा नव्हता, धागा नव्हता, भट्टी नव्हती. तिच्या हातात एक घोटा होता आणि तो सोडायचा नव्हता. मग बाजूने दुसरी आली, तिसरी आली, आणि चौघींचा ढीग मध्यरेषेच्या अलीकडे कोसळला.

शिट्टी वाजली.

पुढचं उत्कर्षाला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कुणीतरी तिला उचललं होतं. खोत मॅडम, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, तोंडावर हात धरून हसत होत्या. पत्रकार काहीतरी विचारत होते आणि ती सगळ्यांना "हो, हो" म्हणत होती. गर्दी फोडत रुबीना आली. चप्पल कुठेतरी हरवलेली, डोळे रडून लाल. तिने उत्कर्षाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"गुडघा कसाय? उत्के, गुडघा! दुखतोय का?"

उत्कर्षाने तिच्याकडे पाहिलं. मग खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही सारखेच मळलेले, दोन्ही सारखेच खरचटलेले.

"कुठला?" तिने अगदी मनापासून विचारलं.